सूर्यमाला आणि आकाशगंगा यात नेमका फरक काय? सहावीतल्या लेकीला सांगायचंय

गोदाकाठची_आई

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न साधा वाटंल पण दोन दिवस झाले मला याचं नीट उत्तर सापडेना म्हणून इथं टाकायली.

आमची लेक सहावीत आहे. दिवाळीत माहेरी गेलो होतो, गंगाखेडपासून थोडं आत गाव आहे, वडलांचं अजून जुनं माळवदाचं घर आहे. लाईट गेली की सगळे वर जाऊन बसतात. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री असंच बसलो होतो, चंद्र नाही, गावात मिट्ट अंधार, आणि डोक्यावरून ती पांढरट धुरासारखी पट्टी गेलेली. बाबा म्हणाले ही आकाशगंगा. लेक म्हणली, आजोबा, पुस्तकात तर लिहिलंय आपण आकाशगंगेत राहतो, मग ती वर कशी काय दिसायली? आपण तिच्यात आहोत का तिच्या खाली?

कुणालाच सांगता आलं नाही.

त्यात अजून एक. चाचणीत तिनं लिहिलं होतं की आकाशगंगा म्हणजे मोठी सूर्यमाला, त्यावर फुली मारून आली. का चूक ते वर्गात सांगितलं नाही. ती मला म्हणली, आई, सूर्यमाला पण फिरती अन् आकाशगंगा पण फिरती, सूर्यमालेच्या मधे सूर्य तसं हिच्या मधे पण काहीतरी असंलच की, मग मोठी सूर्यमालाच झाली ना? मला तर तिचं बरोबरच वाटलं खरं सांगते. मोबाईलवर बघितलं तर कुठं सौरमंडल, कुठं मंदाकिनी, कुठं दीर्घिका, कुठं आकाशगंगा, डोकं भणाणून गेलं. कुणी सोपं करून सांगंल का? तिला समजंल असं.

सेलूचा_मास्तर

ताई, आधी लेकीला माझ्याकडनं शाबासकी द्या. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे, हा "आत आहोत तर वर कशी दिसते" प्रश्न मला उभ्या नोकरीत दोन-तीनच लेकरांनी विचारला असंल.

पहिले शब्दांचा गुंता सोडवू, निम्मा घोळ तिथंच आहे. सूर्य आणि त्याच्याभोवती फिरणारं सगळं, आठ ग्रह, त्यांचे चंद्र, लघुग्रह, धूमकेतू, ही झाली सूर्यमाला. हिंदी व्हिडिओत तिलाच सौरमंडल म्हणतात. आणि अब्जावधी तारे, वायू, धूळ एकमेकांच्या ओढीनं जिथं एकत्र राहतात त्या प्रचंड वस्तीला मराठीत दीर्घिका म्हणायचं. दीर्घिका विश्वात असंख्य आहेत, त्यातली आपण राहतो ती आकाशगंगा, पुस्तकात मंदाकिनी पण लिहिलेलं असतं. म्हणजे दीर्घिका हे सामान्यनाम अन् आकाशगंगा हे विशेषनाम, जसं नदी आणि गोदावरी. हिंदीत कुठल्याही दीर्घिकेला आकाशगंगाच म्हणतात म्हणून मोबाईल बघून लेकरं गोंधळतात. तसंच सूर्यमाला हे फक्त आपल्या सूर्याचं, दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असतील तर ग्रहमाला. १९९५ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला, आता असे सापडलेले ग्रह ५,००० च्या वर गेलेत, आणि ते जवळजवळ सगळे आपल्याच आकाशगंगेतले आहेत.

आता वर कशी दिसते. भोगीला आपण बाजरीची तीळ लावून भाकरी करतो, ती डोळ्यासमोर आणा. आकाशगंगेची चकती साधारण १ लाख प्रकाशवर्षं (उजेड एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष) रुंद आणि जाडीला हजारभर प्रकाशवर्षं. शंभराला एक. वीस-पंचवीस सेंटिमीटरची भाकरी दोन-अडीच मिलिमीटर जाड असती, तेच प्रमाण झालं बघा. आपण म्हणजे त्या भाकरीवरचा तीळ नाही, भाकरीच्या आत रुतलेला तीळ, मध्यापासून काठापर्यंतच्या साधारण निम्म्या वाटेवर, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. आतनं बसून भाकरीच्या पसाऱ्याच्या दिशेनं बघितलं तर नजर जाईल तिथवर पीठच पीठ. सरळ वर नाहीतर सरळ खाली बघितलं तर लगेच भाकरी संपते. ज्या दिशेला पीठच पीठ दिसतं तीच ती पांढरी पट्टी. ती नुसती डोक्यावरनं जात नाही, पायाखालनंसुद्धा जाते, पूर्ण कडं आहे, जमीन आडवी येते म्हणून आपल्याला अर्धंच दिसतं.

आणि पट्टी सोडून इकडंतिकडं ज्या सुट्या चांदण्या दिसतात त्याही आकाशगंगेतल्याच. ते आपल्या आजूबाजूचं पीठ. बाहेरचं काही नाही.

मोंढ्यातला_गडी

मी शिकलेला फार नाही, परभणीला मोंढ्यात आडतीवर बसतो, पण हा विषय माझ्या लई आवडीचा आहे म्हणून लिहायलो. मागच्या वर्षी पोराच्या शाळेत प्रदर्शन होतं त्यासाठी हिशोब काढला होता, तो लेकीला करून दाखवा, विसरणार नाही.

ज्वारीचा एक दाणा घ्या, चांगला टपोरा, चार मिलिमीटरचा. हा सूर्य. आता त्याच हिशोबानं सगळं बारीक करायचं. पृथ्वी येती दाण्यापासून ४३ सेंटिमीटरवर, अन् ती केवढी तर पिठाचा एक कण, बोटाला लागला तरी कळणार नाही असा. गुरू सव्वादोन मीटरवर, रव्याचा बारीक कण. सगळ्यात शेवटचा नेपच्यून १३ मीटरवर. आमच्या दुकानाच्या ओट्यावर दाणा ठेवला अन् नेपच्यून पार समोरच्या काट्यापाशी गेला. म्हणजे आठच्या आठ ग्रहांची सूर्यमाला एका अंगणात मावली, थोडं मोठं अंगण पाहिजे एवढंच.

आता पुढचा तारा कुठं ठेवायचा सांगा. सूर्यानंतर सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, आपल्या हिशोबानं तो येतो ११५ किलोमीटरवर. परभणीत एक दाणा अन् दुसरा दाणा थेट जालन्याला!! (तो तारा सूर्यापेक्षा लहान आहे, दाणा नाही कणीच म्हणा.) रेल्वेनं जाताना मानवत रोड, सेलू, परतूर सगळं मागं टाकत जातो आपण, तेवढ्या सगळ्या शिवारात दुसरा एकही दाणा नाही. हे पहिल्यांदा काढलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला.

व्हॉयेजर १ यान १९७७ ला सोडलंय, सेकंदाला १७ किलोमीटरनं पळायलंय, माणसानं पाठवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू. आपल्या हिशोबात ते दाण्यापासून सत्तर-बहात्तर मीटरवर पोचलंय. जवळजवळ पन्नास वर्षं पळून मोंढ्याच्या गेटच्या बाहेर नाही गेलं. अन् जालना गाठायचं तर त्याच वेगानं ७५ हजार वर्षं लागतील (त्याचं तोंड त्या ताऱ्याकडं नाही ते सोडा).

आता आकाशगंगा. याच मापानं ती २७ लाख किलोमीटर रुंद होती. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या सात पट. सूर्याला ज्वारीचा दाणा केलं तरी आकाशगंगा पृथ्वीवर मावत नाही. मापच बसत नाही दोघींचं एका जागी.

अजून एक केलं होतं. आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हजार दाणे मोजून टाकले, ३० ग्रॅमच्या आसपास भरले. आकाशगंगेत कमीत कमी १० हजार कोटी तारे धरतात, काही जण ४० हजार कोटी म्हणतात. कमीतला आकडा धरला तरी तेवढ्या दाण्यांचं वजन ३० हजार क्विंटल. दहा टनी ट्रक तीनशे. त्या तीनशे ट्रकातला एक दाणा म्हणजे आपला सूर्य, अन् त्या दाण्याभोवतीचं तेरा मीटरचं अंगण म्हणजे आपली सूर्यमाला.

नांदेडकर_९०

मस्त दादा. ताई सोपं सांगायचं तर असं की सूर्यमालेच्या मधे सूर्य आहे तो ग्रहांना धरून ठेवतो, आणि आकाशगंगेच्या मधे एक महाकाय ब्लॅकहोल (कृष्णविवर, ज्याच्या ओढीतनं उजेडसुद्धा सुटत नाही) आहे तो सगळ्या ताऱ्यांना धरून ठेवतो. बाकी फक्त साईजचा फरक.

योगेश्वरीच्या_गावची

दादा, राग मानू नका पण इथंच थांबावं लागंल, कारण ताईंच्या लेकीच्या पेपरवर जी फुली आलीय ती नेमकी याच ठिकाणी आहे, आणि हे कुणी समजावून सांगत नाही. मी अंबाजोगाईची, फिजिक्समध्ये एमएस्सी केलंय आणि ट्युशन घेते, दरवर्षी बारावीच्या पोरांना पण हेच वाटत असतं.

केंद्रात ब्लॅकहोल आहे हे खरं, सूर्याच्या ४० लाख पट वजनाचा आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. पण सूर्याच्या कक्षेच्या आतल्या बाजूला आकाशगंगेचं एकूण जेवढं वस्तुमान आहे ते सुमारे १० हजार कोटी सूर्यांएवढं. भागाकार करा, २५ हजारातला एक. मोंढ्यातल्या दादांच्या भाषेत सांगायचं तर क्विंटलच्या पोत्यात चार ग्रॅम, सव्वाशे-दीडशे दाणे. आता सूर्यमालेचं पोतं बघा. त्यात एकटा सूर्यच ९९.८ टक्क्यांच्या वर आहे, बाकी आठ ग्रह, चंद्र, धूमकेतू सगळे मिळून दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. म्हणून सूर्य उद्या काढून घेतला तर सगळे ग्रह सुटून सरळ रेषेत निघून जातील. आणि आकाशगंगेच्या मधला ब्लॅकहोल काढून घेतला तर त्याच्या अगदी शेजारी फिरणारे थोडेसे तारे भरकटतील, आपल्या सूर्याच्या वाटेत सांगण्यासारखा फरकच पडणार नाही. सूर्यमाला एकाच्या ओढीवर चालते. दीर्घिकेत मालक कुणीच नाही, सगळे मिळून सगळ्यांना धरून आहेत. लेकीनं पेपरात हे एवढं जरी लिहिलं असतं तरी बास होतं.

आणि हे फिरण्यावरून दिसतं सुद्धा. माझ्या लहानपणी आजोळी खळं करायचे, मधोमध तिवडा रोवलेला आणि त्याला पात जुंपलेली, तीन-चार बैल एका रांगेत. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी घुटमळल्यासारखा चालायचा आणि कडेच्या बैलाला लांब ढांगा टाकाव्या लागायच्या कारण सगळे एका दोरीला, फेरा बरोबरच पुरा करायचा. म्हणजे खळ्यात जो लांब तो जोरात.

सूर्यमालेत दोरी नाही, तिथं उलटं असतं. जो लांब तो सावकाश. बुध सेकंदाला ४७ किलोमीटरनं पळतो, पृथ्वी ३० नं, आणि नेपच्यून साडेपाचच्या आत. सूर्यापासून लांब गेलं की ओढ कमी, ओढ कमी म्हणून वेग कमी. सगळं वजन मधे गोळा झालेलं असलं की असंच होणार.

मग आकाशगंगेत कसं? आपला सूर्य सेकंदाला सुमारे २३० किलोमीटरनं फिरतो. त्याच्यापेक्षा कितीतरी लांबचे, पार कडेचे तारे त्या मानानं खूप सावकाश असायला पाहिजेत ना? पण ते पण जवळपास तेवढ्याच वेगानं फिरतात! खळ्यासारखं पण नाही आणि सूर्यमालेसारखं पण नाही, तिसरंच. अमेरिकेतल्या व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० च्या दशकात हे दुसऱ्या दीर्घिकांमध्ये मोजून मोजून दाखवलं. कडेच्या ताऱ्यांना एवढ्या वेगात धरून ठेवायला जेवढं वजन लागतं तेवढं तारे आणि वायू मोजून भरतच नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी दीर्घिकेभोवती लांबपर्यंत पसरलेलं आहे, त्यालाच डार्क मॅटर म्हणतात, आणि ते दिसणाऱ्या वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त आहे. ते कशाचं बनलंय हे अजून कुणालाही सापडलेलं नाही. सूर्यमालेचा हिशोब सूर्य आणि ग्रह धरले की चोख जुळतो, तिथं हे धरायची गरजच पडत नाही. दीर्घिकेचा त्याच्याशिवाय जुळतच नाही. हा माझ्या मते दोघींतला सगळ्यात मोठा फरक, आकारापेक्षाही मोठा.

वयात पण फरक आहे. सूर्यमाला सुमारे ४६० कोटी वर्षांची, आकाशगंगेतले सगळ्यात जुने तारे १,३०० कोटी वर्षांच्या घरातले. सूर्य जन्मला तेव्हा आकाशगंगा आधीच म्हातारी होती. सूर्याला तिची एक चक्कर मारायला २३ कोटी वर्षं लागतात, म्हणजे जन्मापासून वीसेक चकरा झाल्या. मागच्या चकरेत सूर्य या बाजूला होता तेव्हा पृथ्वीवर पहिले डायनासोर नुकते यायले होते.

ताई, आता लेकीला एक गोष्ट मुद्दाम सांगा. तिनं केली तीच चूक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी केलेली आहे. देवयानी दीर्घिकेचे फोटो तेव्हा काढले होते, त्यात भोवऱ्यासारखं काहीतरी दिसायचं, मधे उजळ आणि भोवती फिरणारे पट्टे. बऱ्याच जणांना वाटायचं ही आपल्याच आकाशगंगेतली, वायूतून नवीन तयार व्हायलेली एखादी सूर्यमाला असंल. चांगले शिकले-सवरलेले लोक, दुर्बिणी होत्या, तरी दीर्घिकेलाच सूर्यमाला समजत होते. तुमच्या लेकीनं दीर्घिकेला मोठी सूर्यमाला म्हणलं यात लाजायचं काय आहे.

सेलूचा_मास्तर

वा ताई, हे तुम्ही फार छान आणलं. ती गोष्ट पुरी करतो.

तो घोळ सुटला कसा तर अंतर मोजून. हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या बाई हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या फोटोंच्या काचा तपासायचं काम करायच्या. काही तारे ठराविक दिवसांनी तेजस्वी होतात मग मंद होतात, पुन्हा तेजस्वी. १९१२ साली त्यांनी दाखवलं की ज्याचा हा फेरा लांब, तो तारा मुळातच जास्त तेजस्वी असतो. याला सेफीड जातीचे तारे म्हणतात. मी वर्गात असं सांगायचो, रात्री शिवारात लांब एक बल्ब दिसायलाय, तो शंभराचा आहे का झिरोचा हे माहीत असलं तर तो किती लांब आहे ते त्याच्या उजेडावरून काढता येतं. लेव्हिटबाईंनी बल्बवर आकडा कसा वाचायचा ते सांगितलं.

मग १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीमध्ये असाच एक तारा सापडला. अंतर काढलं तर ते ९ लाख प्रकाशवर्षं आलं. आजचं मोजमाप २५ लाख आहे, त्यांचं कमी आलं होतं, पण मुद्दा तोच. आकाशगंगा सगळी मिळून लाखभर प्रकाशवर्षांची आणि ही वस्तू तिच्या कितीतरी बाहेर! म्हणजे ही सूर्यमाला असूच शकत नाही, ही दुसरी दीर्घिकाच आहे. विश्वात आपल्यासारख्या दीर्घिका अजून आहेत हे माणसाला पक्कं कळून अजून एकशेपाच वर्षंही झाली नाहीत. माझ्या आजोबांच्या लहानपणी जगातल्या कुणालाच हे ठाम सांगता येत नव्हतं.

रात्रीची_लाईट

राम राम. मी शेतकरी, घनसावंगी तालुका. आमच्याकडं शेतीची लाईट एक हप्ता दिवसा अन् एक हप्ता रात्री असती, सध्या रात्रीची पाळी आहे. ज्वारीला दारं धरायला रात्री बारा-एकला जावं लागतं, एक वाफा भरेस्तोवर काम काय, बांधावर बसून वर बघायचं. तर तुमचं हे सगळं वाचून मला एक लक्षात आलं ते सांगतो, चुकलं तर मास्तर दुरुस्त करा.

मृग, त्यातले बाणाचे तीन तारे, रोहिणी, कृत्तिकेचा पुंजका, व्याध, हे माझ्या आज्यानं जसे दाखवले तसेच आज आहेत. वर येतात, मावळतात, पण एकमेकातलं अंतर कधी बदललं नाही. गुरू तसा नाही. मी चार-पाच वर्षं लक्ष ठेवून आहे, दरवर्षी तो चांदण्यातनं एकेक घर पुढं सरकतो, बारा वर्षात फेरा पुरा करतो म्हणतात. शुक्र तर कधी सकाळी कधी संध्याकाळी. म्हणजे दुर्बीण नसली तरी फरक डोळ्याला दिसतो ना? जे चांदण्यातनं सरकतं ते आपल्या सूर्यमालेतलं, जे जाग्यावर राहतं ते आकाशगंगेतले तारे.

अन् मृग नक्षत्र निघालं, आर्द्रा निघालं, असं आपण पेरणीच्या वेळी म्हणतो, ते सूर्य तिथं जातो म्हणून का? अन् ती देवयानी आपल्याला दिसती का नुसत्या डोळ्यानं? कुठं बघायचं?

सेलूचा_मास्तर

दादा, एक अक्षर दुरुस्त करण्यासारखं नाही. जुन्या लोकांनी ग्रह आणि तारे असेच वेगळे काढले, बघून बघून. तारे पण पळतात पण इतके लांब आहेत की आज्या-नातवाच्या आयुष्यात ते डोळ्याला कळत नाही.

मृगाचं असं की सूर्य तिथं जात नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळं आपल्याकडून बघताना सूर्याच्या पाठीमागं कधी ही नक्षत्रं येतात कधी ती. ७-८ जूनला सूर्याच्या मागं मृग येतं. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, त्याचा उजेड यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, आणि आर्द्रेचा तारा शेकडो प्रकाशवर्षं मागं आहे. बांधावरची बाभळ आणि तिच्यामागं क्षितिजावर दिसणारा डोंगर एका रेषेत आले म्हणून बाभळ डोंगरावर जात नाही. तुमच्या एका "आर्द्रा निघालं" या वाक्यात सूर्यमाला पण आली आणि आकाशगंगा पण आली बघा.

देवयानी दिसते, नुसत्या डोळ्यानं दिसते, पण चंद्र नको आणि गावचे दिवे नकोत. कार्तिकी अमावस्येला साडेआठ-नऊच्या सुमारास ती जवळजवळ डोक्यावर असते, जराशी उत्तरेकडं कललेली. आधी डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदेचे तारे मिळून होतो तो. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातनं ताऱ्यांची एक रांग निघते. पहिला तारा मंद आहे तो सोडा, पुढच्या ठळक ताऱ्याशी थांबा. तिथनं उत्तरेला शर्मिष्ठेकडं वळा, शर्मिष्ठा म्हणजे इंग्रजी एमसारखी दिसणारी पाच ताऱ्यांची आकृती. वळलं की दोन बारीक तारे लागतात, दुसऱ्याच्या अगदी शेजारी एक लांबट धुरकट डाग दिसंल. थेट त्याच्यावर नजर रोखू नका, किंचित बाजूला बघा, मग तो उमटतो. जुनी साधी दुर्बीण असली तर फारच छान. त्या डागात आकाशगंगेपेक्षाही जास्त तारे आहेत आणि तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय.

औंढ्याचा_पोरगा

मास्तर तुम्ही दीर्घिकांचं एवढं सांगितलं तर आमच्या हिंगोलीचं पण सांगतो. औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया नावाची वेधशाळा होणार आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटींना मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा असतात आणि त्यात लेझर. ही दुर्बीण उजेड बघतच नाही, अवकाशातली थरथर मोजती. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली थरथर पकडली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन ब्लॅकहोल एकमेकात मिसळले होते त्याची. नंतर १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिघट्ट गोळे) धडकले ते मात्र कुठल्या दीर्घिकेत ते पण सापडलं, एनजीसी ४९९३, १३ कोटी प्रकाशवर्षं. भारतातली सुरू झाली की थरथर नेमकी कुठल्या दीर्घिकेतून आली ते जास्त बारकाईनं कळंल, कारण जगात जितक्या लांब लांबच्या कोपऱ्यात यंत्रं तितका नेम पक्का. आमच्या शिवारातनं दुसऱ्या दीर्घिकांचा पत्ता लागणार आहे, मला तर विचार करून अंगावर काटा येतो.

लेकीला सांगा शिकून इकडंच ये.

गोदाकाठची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहायली कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

अमावस्येला परत बाबांकडं गेलो. दिवसा आधी मोंढ्यातल्या दादांचं केलं. लेकीनं तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर दाणा ठेवला, टेप घेऊन माप घेतलं, नेपच्यून शेजारच्या गोठ्यात गेला, तिथं जाऊन तिनं गव्हाणीवर खडूनं खूण करून आली. मग तिच्या आजोबांना विचारलं, जालना कुणीकडं? बाबांनी उत्तर-पश्चिमेला हात केला तर ती किती तरी वेळ तिकडं बघत उभी राहिली. काही बोलली नाही.

रात्री नऊला माळवदावर गेलो. चौकोन लगेच सापडला, पण डाग सापडायला वीस मिनिटं लागली, मला आधी वाटलं ढग आहे. मास्तर म्हणले तसं बाजूला बघितलं की दिसायचा अन् सरळ बघितलं की गायब व्हायचा. बाबा सत्तर वर्षांचे आहेत, ह्याच माळवदावर जन्म गेला, ते म्हणले हा डाग मी कधीच बघितला नव्हता. त्यांना दिसला, मला लई बरं वाटलं.

वहीत तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "सूर्यमालेत सूर्य सगळ्यांना ओढतो. दीर्घिकेत सगळे सगळ्यांना ओढतात, आणि न दिसणारं पण ओढतं." बरोबर आहे ना ताई?

आता नवीन प्रश्न घेऊन बसलीय. देवयानीतनं कुणी इकडं बघितलं तर त्याला आपला सूर्य दिसंल का?

योगेश्वरीच्या_गावची

एकदम बरोबर आहे. माझ्या ट्युशनच्या फळ्यावर तिचंच वाक्य लिहिणार आहे मी उद्या.

सेलूचा_मास्तर

तिला सांगा, सूर्य फार लांबनं दिसणारा तारा नाही. पन्नास-साठ प्रकाशवर्षं लांब गेलं की नुसत्या डोळ्याला तो दिसेनासाच होतो, आकाशगंगेतल्याच बहुतेक ठिकाणांहून दिसत नाही. देवयानीतनं बघणाऱ्याला आपली अख्खी आकाशगंगा मिळून एक धुरकट डाग दिसंल, आणि त्यालाही जरा बाजूला बघावं लागंल. वैशाखातल्या अमावस्येला तिला मध्यरात्रीनंतर उठवा, आग्नेयेला वृश्चिक आणि धनू वर आलेले असतात, आपल्या आकाशगंगेचा मध्य त्याच बाजूला आहे आणि पट्टी तिथं सगळ्यात दाट दिसते. उन्हाळ्यात तुम्ही माळवदावरच झोपत असाल ना?